मध्ययुगीन छावणीतील मुक्काम: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहते. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ या युद्धांचे पुनर्मंचन करणाऱ्या, म्हणजे त्या काळचे कपडे आणि वस्तू वापरून ती पुन्हा उभी करणाऱ्या, एका गटात मी नुकतीच सामील झाले आहे. येत्या जुलैमध्ये ट्यूक्सबरीच्या मध्ययुगीन महोत्सवाला गटाबरोबर मुक्कामासाठी जायचे आहे. माझ्याकडे नायलॉनचा साधा तंबू आहे. तो चालेल का, की आताच कापडी मध्ययुगीन तंबू विकत घ्यावा?

उत्तर: पहिल्या वर्षी तंबू विकत घेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अशा मेळाव्यांत बहुधा दोन छावण्या असतात. पहिली प्रेक्षकांना पाहण्यासाठी खुली असते. तेथील तंबू, भांडी, कपडे, आसने असे जे जे नजरेस पडेल ते ठरलेल्या काळाला साजेसे असावे लागते. दुसरी छावणी थोडी बाजूला, प्रेक्षकांच्या वाटेपासून दूर असते आणि तिला मंडळी ‘प्लास्टिक कॅम्प’ असेच म्हणतात. आपला नायलॉनचा तंबू तेथे निःसंकोच ठोकता येईल. दिवसा गटाच्या कापडी तंबूत वावरावे, प्रेक्षकांशी बोलावे, चुलीपाशी काम करावे आणि रात्री आपल्या तंबूत निजावे. पुष्कळ जुनी मंडळीही वर्षानुवर्षे असेच करतात आणि त्यात कमीपणा काहीही नाही. आपल्या गटाला प्लास्टिक कॅम्पमध्ये जागा मिळणार आहे का, एवढे मात्र आयोजकांकडे नोंदणी करतानाच विचारून ठेवावे.

घाई न करण्याचे खरे कारण असे की, तंबूचा आकार काळाप्रमाणे बदलतो आणि आपण नेमक्या कोणत्या काळात, कोणत्या भूमिकेत रमणार आहोत हे पहिल्या हंगामात कोणालाच ठाऊक नसते. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे १९०४ साली उत्खनन झालेल्या जहाज-दफनात, म्हणजे मृतांसह पुरलेल्या जहाजात, तंबूच्या लाकडी चौकटी सापडल्या. त्या दफनाचा काळ इ. स. ८३४ असा ठरला आहे. दोन्ही टोकांना एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या फळ्या आणि मध्ये आडवे दांडे अशी ती रचना असते. दिसायला ती इतकी देखणी आहे की नवीन माणूस प्रथम तिच्याच प्रेमात पडतो. परंतु आपल्या महोत्सवात जिचे दर्शन घडवतात ती ट्यूक्सबरीची लढाई ४ मे १४७१ रोजी झाली. ओसेबर्ग पद्धतीचा तंबू तिथे उभा केला, तर सहा शतकांपेक्षा जास्त अंतर एका दृष्टिक्षेपात दिसते आणि जाणकार प्रेक्षक ते बोलूनही दाखवतात. पंधराव्या शतकासाठी मध्यखांबाचा गोल तंबू किंवा साधी दोन उतारांची राहुटी योग्य ठरते. इटलीतील आरेझ्झो येथे संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याने त्याच शतकात रंगवलेल्या भित्तिचित्रात निद्रिस्त सम्राट कॉन्स्टंटाइनचा गोल तंबू आहे. मधला खांब, शंकूसारखे छत आणि दोन्ही बाजूंना सारलेले पडदे त्यात इतके स्पष्ट दिसतात की आजचे तंबू शिवणारे कारागीरही असे चित्र समोर ठेवूनच काम करतात.

दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. गोल तंबूचा मध्यखांब आपल्या गाडीत मावतो का, हे मोजल्याशिवाय तंबू मागवणारे लोक मी पाहिले आहेत. जाड सुती कापड, खांब, तणावे (तंबू ताणून धरणारे दोर) आणि लोखंडी मेखा यांचे एकत्रित वजन एका माणसाला पेलणारे नसते. घरी तो तंबू पसरून वाळवण्याइतकी मोकळी जागाही लागते. हंगामभर गटातल्या इतरांचे तंबू उभारायला आणि उतरवायला मदत करावी, म्हणजे आपल्याला काय झेपेल ते आपोआप कळते. शेवटी एकटीने किंवा दुकटीने मुक्काम करायचा असेल, तर मोठ्या गोल तंबूपेक्षा लहान राहुटीच बरी. सामान्य सैनिकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या भूमिकेला तीच शोभते.

प्रश्न: मागच्या वर्षी मी नवा सुती तंबू घेतला. पहिल्याच पावसात तो शिवणींतून आणि छतातून ठिबकू लागला. कापड सदोष आहे का? त्याला बाजारात मिळणारा जलरोधक लेप लावावा का?

उत्तर: कापड सदोष असण्याची शक्यता कमी आहे. हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नायलॉनचा तंबू त्यावरील लेपामुळे पाणी अडवतो. सुती कापडाचे काम निराळे असते. कापसाचा तंतू ओला झाला की फुगतो आणि विणीतील बारीक छिद्रे बुजतात. नव्या कापडाचे तंतू एकदाही पुरते भिजलेले नसल्यामुळे वीण अजून बसलेली नसते. शिवणीत सुईने पाडलेली छिद्रेही मोकळीच असतात. यासाठी नवा तंबू मुक्कामाला नेण्यापूर्वी घरीच उभारावा, पाण्याच्या नळीने आतबाहेर चिंब करावा, पूर्ण वाळू द्यावा आणि हेच दोन-तीन वेळा करावे. प्रत्येक फेरीत ठिबकणे कमी होताना दिसेल. शिवण सुती वेष्टनाच्या दोऱ्याने घातलेली असेल, तर तो दोराही फुगून छिद्रे बुजवतो. हे सर्व करूनही एखादी शिवण गळत राहिली, तर तेवढ्याच ठिकाणी मेण चोळावे. लेप लावायची वेळ आलीच, तर तो सुती कापडासाठी बनवलेला, हवा खेळती ठेवणारा असावा. नायलॉनसाठीचा लेप सुती कापडाला लावू नये. साबणाने किंवा डिटर्जंटने तंबू धुणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा अंश कापडात राहिला की पाणी आत झिरपण्याची वाट सोपी होते. चिखल वाळू द्यावा, मऊ ब्रशने झाडावा आणि डाग साध्या पाण्याने पुसावा.

पाऊस चालू असताना छताला आतून काहीही टेकू देऊ नये. डोके, पलंगाची कड, खांबाला टांगलेला अंगरखा यांपैकी काहीही ओल्या कापडाला लागले की त्या जागी पाण्याचा थेंब धरतो आणि ओघळ सुरू होतो. राहुटीत भिंत आणि छत एकच असल्याने ही काळजी अधिक घ्यावी लागते.

तणाव्यांचे वागणे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ताग, अंबाडी, कापूस अशा नैसर्गिक धाग्यांचा दोर भिजला की आखडतो. संध्याकाळी ताठ ओढून बांधलेले तणावे रात्रीच्या पावसात इतके घट्ट होतात की मेखा उपटल्या जातात किंवा कापडाच्या कडेवर नको तेवढा ताण येऊन ती फाटते. पावसाची चिन्हे दिसताच प्रत्येक तणावा थोडा सैल करावा आणि सकाळी दोर वाळून ढिले पडले की पुन्हा ताणावेत. जुने पुनर्मंचक झोपण्यापूर्वी तंबूभोवती एक फेरी मारतात, ती यासाठीच.

आणखी एक चूक मी स्वतः केली होती आणि तिची किंमत रात्रभर ओल्या अंथरुणात बसून मोजली. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीची कड मी तंबूच्या भिंतीबाहेर चार बोटे येऊ दिली होती. भिंतीवरून ओघळणारे सगळे पाणी त्या कडेवर पडून थेट अंथरुणाखाली आले. भिंतीच्या तळाशी जी पट्टी शिवलेली असते, ती आतल्या बाजूला दुमडावी, ताडपत्री तिच्यावर अंथरावी आणि ताडपत्रीची कड भिंतीच्या आतच राहील असे पाहावे. जागा निवडताना खोलगट भाग टाळावा. एखाद्या ठिकाणचे गवत भोवतालपेक्षा अधिक हिरवे, उंच किंवा लव्हाळ्यासारखे दिसत असेल, तर तिथे पाणी मुरते असे समजावे. झाडाखाली सावली मिळते खरी, परंतु वाऱ्यात फांदी कोसळण्याचा धोका असतो आणि पाऊस थांबल्यावरही झाड तासभर ठिबकत राहते. इंग्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून शक्य असेल तेव्हा दार त्या दिशेला ठेवू नये.

मेळावा संपताना तंबू ओला असेल तर तो तसाच गुंडाळून न्यावा लागतो, त्याला इलाज नसतो. पण घरी पोहोचल्यावर थकवा बाजूला ठेवून तो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पसरावा. ओल्या सुती कापडाला बुरशी लागायला दोन दिवसही पुरतात आणि बुरशीचे काळे ठिपके पुढे कशानेही जात नाहीत.

प्रश्न: ऐन उन्हाळ्यातल्या मेळाव्यातही रात्री थंडीने झोप लागत नाही. माझ्याकडे लोकरीची तीन चांगली ब्लँकेटे आहेत आणि ती तिन्ही अंगावर घेतो, तरी पाठ गारठते. मी पन्नाशी ओलांडली आहे आणि गुडघेही कुरकुरतात. स्लीपिंग बॅग वापरणे अस्सलपणाला सोडून होईल का?

उत्तर: पाठ गारठते हे आपण स्वतःच लिहिले आहे आणि उत्तरही त्यातच आहे. तिन्ही ब्लँकेटे अंगावर असताना अंगाखाली काय आहे, हे पत्रात लिहिलेले नाही. इंग्लंडमध्ये जुलैच्या निरभ्र रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरणे नवलाचे नाही. शिवाय ओलसर जमीन शरीराची ऊब सतत ओढून घेते. अंगाच्या भाराखाली दबलेल्या ब्लँकेटातली हवा निघून जाते आणि हवा गेली की त्याची ऊबही कमी होते. म्हणून खालचे थर वरच्यापेक्षा जास्त जाड असावेत. तळाशी ताडपत्री, तिच्यावर पेंढा भरलेली जाड कापडाची गादी, तिच्यावर मेंढीचे कातडे किंवा दुहेरी घडीचे ब्लँकेट आणि मग आपण, असा क्रम ठेवून पाहावा. उरलेली दोन ब्लँकेटे पांघरायला पुरतील. पेंढा घट्ट ठासून भरावा, कारण एका रात्रीत गादीची उंची निम्म्याने कमी होते. सुट्ट्या पेंढ्याला आगीच्या भीतीने काही आयोजक परवानगी देत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करावी. पेंढा मिळत नसेल तर फोमची चटई अंथरून ती ब्लँकेटाने पूर्ण झाकावी. दार बंद असलेल्या तंबूत, ब्लँकेटाखाली काय आहे हे पाहायला कोणी येत नाही. स्लीपिंग बॅगलाही माझा आक्षेप नाही. सकाळी प्रेक्षक येण्यापूर्वी ती पेटीत गेली म्हणजे झाले.

दिवसभर घातलेला लिननचा अंगरखा घालून झोपणे हे थंडी वाजण्याचे दुसरे मोठे कारण असते. चिलखताखाली घामाने भिजलेले लिनन रात्री अंगाला गार लागते. झोपताना सर्व कपडे, मोजेसुद्धा, बदलून पूर्ण कोरडे घालावेत. लोकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही ओली वाटत नाही आणि म्हणूनच दमट तंबूत ती गोधडीपेक्षा किंवा सुती चादरीपेक्षा सरस ठरते. डोक्याला लिननची टोपी आणि वर लोकरीचे शिरस्त्राण, म्हणजे खांद्यांपर्यंत येणारे हुड, घालून निजावे. निजण्यापूर्वी काहीतरी गरम खावे आणि लघवीला जाऊन यावे. अर्धवट जागेपणी बाहेर जाण्याचा कंटाळा करत कुडकुडत पडून राहणारे पुष्कळ असतात.

आपण पन्नाशी ओलांडली असल्याचे लिहिता आणि गुडघ्यांचाही उल्लेख करता. मग जमिनीवर निजण्याचा हट्ट कशाला? सुटे भाग करून नेता येणारे पलंग मध्ययुगात होते. ओसेबर्गच्या त्याच जहाजात पलंगही मिळाले आहेत. पाचरींनी जुळणारी चौकट आणि तिच्यात विणलेला दोर असा पलंग गटातील सुतारकाम जाणणाऱ्या कोणाकडूनही करून घेता येईल. त्याची उंची अशी ठेवावी की लाकडी सामानपेटी खाली सरकेल. फक्त पलंगाखालून वारा वाहतो, म्हणून त्यावरही खालचे थर तितकेच जाड हवेत.

प्रश्न: आमच्या गटाला तंबूबाहेर चूल मांडून जेवण करायचे आहे. चुलीसाठी खड्डा खणावा का? पाऊस आला तर चूल तंबूत घेता येईल का? आणि काय शिजवावे?

उत्तर: मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. चूल, शेगडी, निखाऱ्यांचे भांडे किंवा विझल्यासारखी दिसणारी बार्बेक्यूची जाळी यांपैकी काहीही, कोणत्याही कारणाने, निजण्याच्या तंबूत आणू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो. राख वरून थंड दिसत असली तरी आत धुमसत असते. असे मृत्यू तंबूत मुक्काम करणाऱ्यांमध्ये घडलेले आहेत. पावसात स्वयंपाक करायचाच असेल, तर चारही बाजूंनी मोकळे, उंच कापडी छत चुलीपासून पुरेसे वर आणि एका बाजूला ताणावे.

खड्डा आयोजकांची लेखी परवानगी असल्याशिवाय खणू नये. इंग्लंडमधील अनेक मेळावे किल्ले, मठ आणि रणभूमी अशा जागी भरतात आणि त्यांतील पुष्कळ जागा १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित आहेत. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे पुनर्मंचन होते, तो बॅटल येथील मठाचा परिसर अशांपैकीच. तेथे विनापरवाना माती उकरणे हा गुन्हा ठरतो. मेखा कोठे आणि किती खोल ठोकाव्यात यावरही बंधन असू शकते. ज्या इतिहासाच्या ओढीने आपण तिथे जमतो, त्याचेच अवशेष आपल्या कुदळीने फुटले तर त्याहून वाईट काय असेल? म्हणून पायांवर उभी, जमिनीपासून वर राहणारी लोखंडी चूल वापरावी. तिच्याखालचे गवत करपू नये यासाठी विटा किंवा ओली माती घालावी. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या शेजारी कायम ठेवाव्यात आणि आग विझवण्याचे आधुनिक उपकरण कापडाखाली झाकून, पण हाताशी ठेवावे.

चुलीपाशी काम करणाऱ्यांनी लोकरीचे कपडे घालावेत. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. लिनन आणि सूत लवकर पेटतात, तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. स्वस्त पोशाखात पुष्कळदा पॉलिस्टर मिसळलेले असते, तेव्हा कापडाचा एक धागा जाळून पाहावा. वितळून त्याची कडक गुठळी झाली तर तो पोशाख चुलीपासून दूरच ठेवावा. पंधराव्या शतकातील लोंबत्या बाह्या कोपरापर्यंत बांधून घ्याव्यात आणि शिरोवस्त्राची टोके आत खोचावीत.

राहिला पदार्थांचा प्रश्न. बटाटा, टोमॅटो, मका आणि मिरची ही अमेरिका खंडातून १४९२ नंतर युरोपात आली, म्हणून ती प्रेक्षकांसमोर कढईत दिसू नयेत. बार्ली किंवा ओट, वाटाणे, कांदा, लीक (कांद्याच्या जातीची पालेभाजी), कोबी आणि घरगुती औषधी पाला यांचा दाट शिजवलेला ‘पॉटेज’ हा त्या काळातील सामान्य माणसाचा रोजचा आहार होता. एका मोठ्या लोखंडी भांड्यात तो वीस माणसांना पुरतो आणि फारसे लक्षही मागत नाही. मिरी, आले आणि दालचिनी त्या काळी युरोपात पोहोचत होती, पण पैसेवाल्यांच्या घरी. मिरी तर मुख्यतः भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जात असे, त्यामुळे सरदाराच्या पंगतीचा देखावा असेल तर ती अवश्य वापरावी. दूध, मांस आणि शिजवलेले उरलेले अन्न बर्फाच्या पेटीत ५ अंशांच्या खाली ठेवावे आणि ती पेटी लाकडी खोक्यात लपवावी. कच्चे मांस आणि तयार अन्न यांच्या पेट्या वेगळ्या असाव्यात. प्रेक्षक चव मागतात, तेव्हा आयोजकांची परवानगी नसेल तर नम्रपणे नकार द्यावा.

प्रश्न: तंबूत मेणबत्ती लावावी का? चष्मा, औषधे आणि फोन यांचे काय करावे?

उत्तर: कापडी तंबूत उघडी ज्योत नको. शिंगाच्या पातळ पत्र्यांचा जुन्या धर्तीचा कंदील घ्यावा आणि त्यात बॅटरीवरचा मंद दिवा ठेवावा. शिंगातून येणारा पिवळसर प्रकाश फार सुंदर दिसतो. औषधे आणि चष्मा यांबाबत कोणाशीही तडजोड करू नये. इन्सुलिन किंवा दम्याचा पंप कमरेच्या चामडी पिशवीत सतत जवळ हवा. फोनही त्याच पिशवीत, आवाज बंद करून.

प्रश्न: मी अमेरिकेत असून यंदा पेन्सिल्व्हेनियातील ‘पेन्सिक वॉर’ या मध्ययुगीन मेळाव्याला जाण्याचा विचार आहे. इंग्लंडमधील मेळाव्यांचे नियम तेथेही लागू पडतात का?

उत्तर: कापड, दोर आणि आग सर्वत्र सारखेच वागतात, पण मेळाव्याचा स्वभाव वेगळा आहे. पेन्सिक वॉर १९७२ पासून भरते आणि ते १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम’ या संस्थेचे आहे. स्लिपरी रॉक या गावाजवळच्या शिबिरस्थळी सुमारे दोन आठवडे दहा हजारांहून अधिक लोक राहतात. तेथे कोण्या एका लढाईचे हुबेहूब दर्शन घडवायचे नसते आणि प्रेक्षकांसाठी वेगळी छावणीही नसते. सतराव्या शतकापूर्वीच्या पोशाखाचा प्रामाणिक प्रयत्न एवढीच अपेक्षा असते. या पोशाखाला तेथील लोक ‘गार्ब’ म्हणतात. नायलॉनचे तंबूही तेथे भरपूर दिसतात आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

तेथे सर्वांत महत्त्वाचा निर्णय तंबूचा नसून गटाचा असतो. आगाऊ नोंदणी करताना आपण कोणत्या गटाबरोबर राहणार हे नमूद करावे लागते आणि नोंदलेल्या माणसांच्या संख्येवरून त्या गटाला जमीन मिळते. एकट्याने ऐनवेळी पोहोचल्यास उरलेली, बहुधा उताराची किंवा लांबची जागा वाट्याला येते. म्हणून आपल्या भागातील शाखेच्या सभेला आधीच जाऊन ओळख करून घ्यावी. दोन आठवड्यांच्या मुक्कामात ऊन, वादळी पाऊस आणि चिखल हे तिन्ही पाहायला मिळतात. चामडी तळाचे मध्ययुगीन जोडे ओल्या गवतावर फार घसरतात, तेव्हा चिखलासाठी जोड्याखाली बांधायचे लाकडी ‘पॅटन’ किंवा सरळ रबरी बूट बरोबर न्यावेत. विजा चमकू लागल्या की उंच मध्यखांबाच्या तंबूत थांबू नये. तंबूपासून गाडीपर्यंतची वाट पहिल्याच दिवशी, उजेडात पायाखालून घालावी, कारण अंधारात त्या वाटेवर इतरांचे शेकडो तणावे ताणलेले असतात.